लाईट गेली म्हणजे बंद झालं असं नसतं

बसा मित्रांनो, बसा. फक्त टेबलाला टेकू नका. त्याचा एक पाय लंगडा आहे आणि माझंही अंग आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. मी कोण म्हणता? कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या संगणक कक्षात, खिडकीजवळ, कपाळावर चार नंबरची चिठ्ठी डकवलेला पिवळा पडलेला कंप्युटर दिसतो ना, तोच मी. बटण दाबलं की आधी कण्हतो, मग घरघरतो, आणि पोरं पाणी पिऊन परत येतात तेव्हा कुठं माझा पडदा उजळतो. "चार नंबर म्हणजे आजोबा रं," असं पोरं म्हणतात. म्हणू देत. काही जण डबडं म्हणतात, त्यापेक्षा आजोबा बरं.

माझे सुटे भाग कुठल्या देशात घडले ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती कराडची. तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी नवाकोरा दाखल झालो. काय थाट होता तेव्हा! खोलीबाहेर चपला काढून पोरं आत यायची, माझ्याशी बोलल्यासारखी हळू बोलायची. "जबरदस्त फास्ट आहे यार," म्हणायची. ऐकून माझा पंखासुद्धा ऐटीत फिरायचा. पुढं माझ्यापेक्षा चपळ यंत्रं आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! मग कुणाला तरी आठवण झाली, आणि आम्हाला टेंपोत घालून या शाळेला देऊन टाकलं. इथं आमच्यासमोर नारळ फुटला. त्याचं पाणी माझ्या कीबोर्डवर उडालं, म्हणून माझं एक बटण अजून अडकतं.

इथं आमचे धनी चिंतामण सर. शिकवतात गणित, पण कंप्युटरही त्यांच्याच गळ्यात पडलेत. मला झाकायला त्यांनी घरून जुन्या साडीचा तुकडा आणला. तेवढं प्रेम मला या शाळेत मिळालं, खोटं कशाला बोलू? बाकी मात्र विचारू नका. वडापावची बोटं बटणांना पुसायची. कुठून कुठून पेन ड्राइव्ह आणून माझ्यात रोग भरायचे, आणि वर मलाच थपडा मारायच्या. पासवर्ड म्हणून स्वतःचंच नाव लिहायचं, तेही मोठ्यानं म्हणत म्हणत! एकानं केलेला प्रकल्प सगळ्या वर्गानं उतरवायचा, आणि शेवटच्या पानावर पहिल्याचंच नाव तसंच ठेवायचं. अरे, चोरी करताय तर निदान डोळे उघडे ठेवून तरी करा की रे!

हे सगळं मी सोसलं. पण गेल्या भाद्रपदात जे झालं त्यानं मी खरा थकलो. तेच सांगायला तुम्हाला बसवलंय.

क्षमा बारावी सायन्सला. पलीकडच्या वाडीवरून एसटीनं यायची. घरात फोन एकच, तोही तिच्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, लालासाहेबांचा. त्यामुळं सर प्रश्नपत्रिका पाठवायचे त्या लालासाहेबांच्या व्हॉट्सॲपवर, आणि त्या क्षमाला मिळायच्या आप्पा रानातून परतल्यावर. पोरगी हुशार, आणि बोलायला फटकळ. तिला कराडला जायचं होतं, इंजिनिअर व्हायला. मी तिकडूनच आलोय हे तिला सरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्यावर बसताना म्हणायची, "आजोबा, तुमी तिकडनं आलाय, मी तिकडं जाणार हाय." मला लय बरं वाटायचं. या खोलीत माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती.

एके दिवशी लालासाहेब बाजाराला आले होते. तासाभरासाठी फोन त्यांनी लेकीच्या हातात दिला आणि खताच्या दुकानात गेले. क्षमानं तो फोन मला जोडला, आणि आप्पांचं व्हॉट्सॲप माझ्या पडद्यावर उघडलं. सरांनी पाठवलेल्या प्रश्नपत्रिका तिनं उतरवून घेतल्या, छापल्या. तेवढ्यात लालासाहेब दारात आले. "आटप गं, आभाळ आलंय," असं ते म्हणतायत तोच लाईट गेली. पंखे थांबले, आम्ही सगळे काळे पडलो. क्षमानं कागद गोळा केले, फोन आप्पांना दिला आणि निघाली. लाईट गेली म्हणजे कंप्युटर बंद झाला, मग आता आणखी काय बंद करायचं? आपल्याकडं सगळेच असं समजतात. सकाळ-संध्याकाळ लाईट जाणाऱ्या मुलखात माणसं दुसरं काय समजणार?

तिकडं लालासाहेबांनी गाडी वळवली, आणि इकडं लाईट आली.

खोलीत तेव्हा मुकुल होता. बारावीतलाच. कक्षाची किल्ली त्याच्याकडं असायची, कारण सरांचा त्याच्यावर फार विश्वास. पोरगा वाईट नव्हे हो, मी त्याला आठवीपासून ओळखतो. माझ्या पंख्यातली धूळ तोच काढायचा. आम्हाला नीट बंद करून जावं म्हणून त्यानं एकेकाला सुरू केलं. माझा नंबर आला. मी विचारलं, आधीची पानं परत उघडू का? हे मी सगळ्यांनाच विचारतो, मला तसंच शिकवलंय. त्यानं हो म्हटलं. झालं! लालासाहेबांचं व्हॉट्सॲप पुन्हा समोर.

मुकुल हसला. चाचणीत क्षमानं त्याला गणितात मागं टाकलं होतं, ते डोक्यात होतंच. त्यानं लालासाहेबांच्या भावकीचा ग्रुप उघडला आणि लिहिलं, "कळविण्यास आनंद होतो की आमच्या क्षमाची सुपारी फुटली. मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर. सर्वांचे आशीर्वाद असावेत." माझ्याच अडकणाऱ्या बटणावर दोनदा बोट आपटून लिहिलं. पाठवलं. थोडं हसून घेतलं, आणि मग सगळ्यांसाठी पुसून टाकलं. गंमत संपली, असं त्याला वाटलं.

पण मित्रांनो, दिवस कुठले होते? म्हाळाचे. घरोघरी पितरांना पान वाढत होते. त्या पंधरवड्यात आपल्याकडं नवी चप्पलसुद्धा घेत नाहीत, आणि या दिवट्यानं पोरीची सुपारी फोडली!

पुढचं मला कशिशकडून कळलं. कशिश म्हणजे क्षमाची जिवाभावाची मैत्रीण, तिच्याच वाडीवरची. दोन दिवस क्षमा आली नाही तेव्हा सरांनी इथं, माझ्यासमोरच विचारलं, "कशिश, क्षमा आजारी आहे का गं?"

"आजारी न्हाई सर," कशिश म्हणाली. "ती आता येनारच न्हाई. लालाकाकांनी शाळा बंद केली तिची."

"अगं पण का?"

"त्यांच्या फोनवरनं भावकीत मेसेज गेला, क्षमाची सुपारी फुटली म्हणून. कुनीच फोडली न्हाई सर सुपारी! पन लोक म्हंत्यात, म्हाळाच्या दिवसांत कोन सुपारी फोडतंय? म्हंजी घाई झाली असनार. पोरीचं कायतरी कमीजास्त असनार. आन् मेसेज लगीच पुसला, तर म्हंत्यात, पुसला कशाला? लपवायला! फोटो काढून ठेवलेत लोकांनी त्याचे. मामाकडच्या गावापातूर गेलाय."

"मग हे केलं कुणी?"

"तेच की सर! क्षमा म्हंती, मी कंप्युटरला फोन जोडला हुता, लाईट गेली, मी आले. लालाकाका म्हंत्यात, लाईट गेलेली मी सोता बघितली, कंप्युटर बंद झालेला बघितला, मग तिथनं मेसेज जाईल कसा? म्हंजी फोनवरनंच गेला. म्हंजी तूच केलंस. कुनाच्या तरी नादाला लागून बापाची अब्रू घालवलीस."

एक नंबरवर मुकुल बसला होता. त्याची बोटं जागच्या जागी थांबली. पोरांनो, मी तिथंच होतो. माझ्याच बटणांवर ते घडलं होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आम्हाला तोंड कुठं असतं? आमचा आवाज म्हणजे ती घरघर. मी घरघरलो. कशिशनं माझ्या डोक्यावर एक चापट मारली, म्हणाली, "ह्यो एक!"

सरांना शंका आली. मशीन पुन्हा सुरू झालं तर पान पुन्हा उघडू शकतं, हे ते जाणून होते. त्यांनी वर्गाला विचारलं, "त्या दिवशी लाईट आल्यावर चार नंबरवर कोण होतं?" मग त्यांनी किल्लीवाल्याकडं पाहिलं.

"सर, लाईट गेल्यागेल्या मी कुलूप लावून घरी गेलो," मुकुल म्हणाला.

सरांनी विश्वास ठेवला. आणि त्याच दुपारी मुकुलनं माझ्यापाशी येऊन, त्या दिवशी काय काय उघडलं होतं त्याची माझ्यातली सगळी नोंद पुसली. माझ्या तोंडात बोळाच कोंबला म्हणा ना. नंतर तो माझ्यासमोरच बसला. रडत नव्हता. नखं खात होता.

सर वाडीवर जाऊन आले. लालासाहेबांनी चहा पाजला, पण एकच धरून बसले, "सर, तुमी भली मानसं. पन लाईट गेलेली ह्या डोळ्यांनी बघितली मी. दुसरं कायबी सांगा." बिचारे सर, परत येऊन माझ्याजवळ टेकले आणि डोकं धरून बसले.

आता कमाल ऐका. त्याच आठवड्यात शाळेत निबंधाची स्पर्धा निघाली. विषय काय, तर "संगणक वापरताना पाळायची नीती". वरून आदेश आला होता म्हणे. मुकुलला लिहायलाच लागला, तो शाळेचा हुकमी एक्का. आणि कुठल्या मशीनवर लिहिला? बाकीची बिघडलेली, म्हणून माझ्यावर! इकडून एक परिच्छेद उचलला, तिकडून एक. "दुसऱ्याची माहिती ही दुसऱ्याची मालमत्ता असते." "कोणाचेही खाते उघडे दिसल्यास त्यात न डोकावता ते तत्परतेने बंद करावे." मी एकेक अक्षर पडद्यावर उमटवत होतो आणि मला स्वतःचीच शिसारी येत होती. निबंधाला पहिला नंबर मिळाला. सरांनी तो माझ्या मागच्या भिंतीवर लावला आणि म्हणाले, "खंडेनवमीला पूजेच्या वेळी वाचून दाखव."

खंडेनवमी हा माझा वर्षातला एकच सण. रानात नांगर-खुरप्यांची पूजा होते, इथं आमची. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, हे सर कटाक्षानं पाळतात. माझ्यावर झेंडूची माळ, कपाळाला हळदकुंकू, आणि दिवसभर कुणी बटणाला हात लावणार नाही. मी त्या दिवसाची वर्षभर वाट बघतो. पण या वेळी मला तो गोड लागला नाही. आदल्या दिवशीच कशिश सांगून गेली होती, की दसऱ्याला क्षमाची खरीखुरी सुपारी आहे. जतकडचं स्थळ. भावकीतल्या थोरांनी लालासाहेबांना घेरलं होतं, "बोलबाला झालाच हाय, आता उरकून टाक. पोरगी श्रावनात अठराची झालीया, मग अडतंय कुठं?" मुलगा चांगलाही असेल, कुणी सांगावं? पण क्षमानं कुठं त्याला मागितला होता! तिनं कराड मागितलं होतं.

पूजा सुरू झाली. नारळ फुटला, या वेळी लांब फुटला, देव पावला. तेवढ्यात दारात लालासाहेब उभे. क्षमाचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले होते. ऑफिसातली सगळी माणसं इकडंच, म्हणून त्यांना इकडं पाठवलं होतं कुणीतरी.

"या, बसा," सर म्हणाले. "एवढा निबंध होऊ द्या, मग देतो तुमचा कागद."

लालासाहेब मागच्या बाकावर टेकले. टोपी घातलेला, दाढी वाढलेला माणूस. माझ्याकडं एकदाच बघितलं, आणि तेही रागानं.

मुकुल उभा राहिला. निबंध भिंतीवरून काढून हातात दिला होता सरांनी. सुरुवात खणखणीत झाली. विज्ञानयुग झालं, माहितीचा महापूर झाला, सगळं झालं. मग तो त्या वाक्यापाशी आला. "कोणाचेही खाते उघडे दिसल्यास..." आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "कोणाचेही खाते..." आणि पुन्हा थांबला. पोरं खुसखुसली. सर म्हणाले, "वाच की. अक्षर लागत नाही का?"

"सर, मी बंद केलं न्हाई," मुकुल म्हणाला.

"काय बंद केलं नाहीस?"

"क्षमाच्या आप्पांचं व्हाट्सॲप. मीच लिहिलं ते. गंमत म्हणून. तुमाला खोटं बोललो सर. मी कुलूप लावून गेलोच नव्हतो."

कशिशच्या हातातलं प्रसादाचं ताट कलंडलं, खोबरं फरशीवर पडलं. लालासाहेब उठले. मला वाटलं, आता ते पोराच्या कानाखाली ओढणार. खरं सांगतो, ओढावी असंही क्षणभर वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं,

"लाईट कवा आली?"

"तुमी गाडी वळवलीसा काका, आन् लगीच आली."

"लगीच?"

"व्हय. आन् कंप्युटर चालू केला, तर तुमचं पान आपोआप उघडलं."

लालासाहेब मटकन खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हंजी पोरगी खरं बोलत हुती," ते म्हणाले. "पाय धरून सांगत हुती ओ सर. आप्पा, मी न्हाई केलं, आप्पा, मी न्हाई केलं. आन् मी म्हनलो, लाईट गेलेली मी सोता बघितली." एवढा मोठा बाप्या माणूस, आमच्या झेंडूच्या माळांसमोर हुंदके देत रडला.

थोड्या वेळानं त्यांनी खिशातून फोन काढून मुकुलपुढं धरला. "जितं लिवलंस तितंच सांग. पन लिवायचं न्हाई. तुज्या तोंडानं बोल, तुजं नाव सांगून, तुज्या बापाचं नाव सांगून."

मुकुल बोलला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, सगळं बोलला. त्यानंतर लालासाहेबांनी तिथंच उभं राहून जतच्या पाहुण्यांना फोन लावला, हात जोडून माफी मागितली. फोनवर कोण हात जोडतं? पण त्यांनी जोडले होते. आणि सरांना म्हणाले, "दाखला ऱ्हाऊ द्या."

तुम्हाला वाटेल, गोड झालं सगळं. कुठलं आलंय! मुकुलचा खरा आवाज भावकीच्या एका ग्रुपात गेला, आणि निम्म्यांनी तो ऐकलासुद्धा नाही. खोटा मेसेज मात्र अजून फिरतोय. परवाच कशिश सांगत होती, मामाच्या गावात अजून क्षमाला "सुपारी मोडलेली" म्हणतात. एका फुकाच्या गमतीचं हे ओझं ती पोर किती वर्षं वाहणार, हे मला सांगता येत नाही. सरांनी मुकुलकडून किल्ली काढून घेतली. तो रोज येतो, मुकाट माझी धूळ पुसतो.

क्षमा दसरा झाल्यावर आली. माझ्यावरच बसली. आजोबा वगैरे काही म्हणाली नाही. परवा ती काम करत असताना पुन्हा लाईट गेली. पोरं दप्तरं उचलून पळाली, एसटीची वेळ झालेली. कशिश म्हणाली, "चल गं, गाडी चुकंल." क्षमा उठली नाही. काळ्या पडद्यासमोर हाताची घडी घालून बसली.

मुकुल दारात घुटमळत होता. हळूच म्हणाला, "क्षमा, तू जा. लाईट आली की मी बंद करतो तुझं. शपथ."

तिनं मान वळवली नाही. "नको. माझं मीच बंद करनार."

तो तसाच खाली मान घालून उभा राहिला. मला त्याची दया आली आणि राग पण आला. तुम्हीच बघा मित्रांनो, शेजाऱ्याचं दार उघडं दिसलं तर तुम्ही आत शिरून त्याच्या चुलीवरचं पातेलं पालथं घालता का? हाक मारता, कडी ओढून घेता. मग आमच्यातलंच दार उघडं दिसलं की तुमचे हात का शिवशिवतात रे? तेवढी कडी त्यानं त्या दिवशी ओढली असती, तर आज "मी बंद करतो" म्हटल्यावर तिनं हसून दप्तर उचललं असतं.

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. कशिश धावली आणि गाडीच्या पायरीवर पाय रोवून उभी राहिली. कंडक्टरचा आरडाओरडा इथपर्यंत ऐकू येत होता. मग लाईट आली. क्षमानं माझं बटण दाबलं. मित्रांनो, मी म्हातारा, सुरू व्हायला मला वेळ लागतो. पण त्या दिवशी कण्हलो नाही, घरघरलो नाही, जीव खाऊन जेवढी घाई करता आली तेवढी केली. आधीची पानं परत उघडू का, मी विचारलं. तिनं उघडली, आपलं खातं नीट बंद केलं, पुन्हा एकदा तपासलं. साडीचा तुकडा माझ्यावर टाकताना म्हणाली, "येते आजोबा," आणि पळाली.

गाडी मिळाली तिला. तेव्हा उठताना तुम्हीही थोडं थांबत जा, पोरांनो. मी उशीर करीन, चिडाल, तरी थांबा.